अलकापुरीतली शाखा की गिफ्ट सिटी? नोकरी निवडण्याआधी

बडोद्यात कॉमर्स करून बाहेर पडलेल्या आपल्या मुलामुलींपुढे गुंतवणूक क्षेत्रातल्या दोन प्रकारच्या नोकऱ्या वरचेवर येतात. मोठ्या कंपनीच्या अलकापुरीतल्या शाखेत रिलेशनशिप मॅनेजर, नाहीतर गांधीनगरच्या गिफ्ट सिटी या वित्तीय केंद्रात परदेशी फंडांचं ऑपरेशन्सचं, म्हणजे व्यवहारांच्या नोंदी आणि तपासणीचं काम. पगाराची तुलना घरोघरी होतेच. दोन्हीकडे काम करणाऱ्या ओळखीच्या मुलांशी बोलून मी इथे लिहितोय ते तिथल्या वातावरणाबद्दल.

शाखेत सगळं टार्गेटवर चालतं. महिन्याच्या सुरुवातीला साहेब निवांत असतात; पंचवीस तारखेनंतर सकाळ-संध्याकाळ कॉल, एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक गुंतवणूक) किती, विमा किती. टार्गेट विक्रीच्या कुठल्याही नोकरीत असतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण नव्या मुलाचे पहिले ग्राहक घरचेच असतात: दांडिया बाजारातले काका, आईच्या भिशीतल्या मावशी. गरज नसताना त्यांच्या गळ्यात युलिप (विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) मारली की पैसे ५ वर्षं अडकतात, आणि त्या मावशी प्रत्येक लग्नकार्यात समोर येतात. एका मुलीने अशी विक्री नाकारली, तर मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत तिचा आकडा वाचून दाखवला गेला. मला हे अत्यंत चुकीचं वाटतं. उलट दुसऱ्या एका शाखेतले साहेब नव्या मुलांना स्वतः ग्राहकांकडे घेऊन जातात, ‘हे यांना नको’ असं ग्राहकासमोरच सांगतात. तिथली मुलं टिकली आहेत.

गिफ्ट सिटीत ग्राहक दिसतच नाही. मेकर-चेकर पद्धत: एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासायची. ताण येतो तो वेळेचा. अमेरिकेचा बाजार आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ७ ला, हिवाळ्यात ८ ला उघडतो. शिवाय २८ मे २०२४ पासून तिथले शेअर-व्यवहार सौद्यानंतरच्या पुढच्याच कामकाजाच्या दिवशी पूर्ण करावे लागतात, त्यामुळे चूक दुरुस्त करायला पूर्वीइतका वेळ उरत नाही. चूक झाल्यावर ‘का झाली’ विचारणारी टीम मिळाली तर काम फार छान शिकता येतं. ‘कोणी केली’ एवढंच विचारलं जात असेल, तर मुलं चुका दडवतात. रात्रपाळीत बडोद्याहून अप-डाउन जमत नाही, म्हणजे खोलीभाडं आलं.

माझा कल पहिल्या नोकरीसाठी गिफ्ट सिटीकडे आहे, कारण तिथे ओळखीच्या माणसांचा विश्वास पणाला लागत नाही. लोकांत मिसळायची मनापासून आवड असेल तर शाखा घ्या, पण आधी साहेबांना भेटून.

मुलाखतीत विचारा: या जागेवरची आधीची व्यक्ती का गेली? मुलींनी अंतर्गत तक्रार समितीचंही विचारावं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे १० किंवा अधिक कर्मचारी असतील तर ती लागते, आणि मुंबईच्या मुख्यालयात असली म्हणून इथल्या कार्यालयाची सुटका होत नाही. ऑफर लेटरमधला नोटीस पिरियड आणि ट्रेनिंगचा खर्च वसूल करण्याचं कलम सही करण्याआधी घरी बसून वाचा.