काळा चौकोन, कोपऱ्यात

तालुक्याच्या वाचनालयात भरलेले युरोपीय आधुनिक कलेचे प्रदर्शन छापील प्रतींचे आहे, हे आधीच सांगितलेले बरे. तरी ऐन कापूस वेचणीत दुपार मोडून गेल्याचा पस्तावा झाला नाही. पिकासो आणि मोंद्रियान यांची चित्रे ठीक छापली आहेत. खरे थांबवतो तो चित्रकार मालेविचचा ‘काळा चौकोन’. १९१५ साली रशियातील पेट्रोग्राडमध्ये (आजचे सेंट पीटर्सबर्ग) त्याने हे चित्र छताजवळच्या कोपऱ्यात, रशियन घरांत जिथे देवाची तसबीर असते तिथे टांगले होते, आणि येथेही ते तसेच लावले आहे, ही आयोजकांची समज दाद देण्यासारखी आहे. स्टुलावर चढून पाहिल्यास काळ्या रंगाला बारीक भेगा दिसतात, वैशाखात आपल्या वावराला पडतात तशा. मात्र चकचकीत कागदावर ट्यूबलाइट अशी चमकते की त्यासाठी मान वाकडी करावी लागते. फ्रेंच कलाकार द्यूशाँचे १९१७ चे ‘फाउंटन’, म्हणजे आडवे ठेवून सही केलेले मुतारीचे भांडे, छायाचित्रातच भेटते, कारण मूळ वस्तू हरवली. पाट्या केवळ इंग्रजीत असल्याने शेजारचे काका विचारत होते, “हे इथं कायले ठेवलं जी?” उत्तर द्यायला सभागृहात कोणीही नव्हते.