वैमानिक प्रशिक्षणाचे पैसे कुणाच्या खात्यात जात आहेत, ते आधी पाहा

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवून देतो असे सांगणाऱ्या बेलापूरच्या एका संस्थेने माझ्याकडून १४ लाख रुपये घेतले आणि त्या बदल्यात उड्डाणाचा एक तासही दिला नाही. ही रक्कम माझ्या वडिलांनी कळव्याच्या राहत्या घरावर कर्ज काढून उभी केली होती. नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून ठाणे, वाशी आणि खारघर परिसरात ‘बारावीनंतर थेट कॉकपिटमध्ये’ अशा जाहिराती मला सतत दिसतात, आणि त्या पाहून चौकशीला जाणाऱ्या प्रत्येक घराला ही फसवणूक नेमकी कशी होते हे ठाऊक असावे, म्हणून मी सविस्तर लिहीत आहे.

पहिली गोष्ट अशी, की ग्राउंड क्लास आणि फ्लाइंग स्कूल या दोन पूर्णपणे वेगळ्या संस्था असतात. नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, रेग्युलेशन्स, टेक्निकल या विषयांच्या परीक्षांची तयारी करून घेणारे वर्ग कोणीही चालवू शकतो, त्यात बेकायदा काही नाही, आणि मनापासून शिकवणारे वर्ग ठाण्यातही आहेत. विमान उडवायला शिकवण्यासाठी मात्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, मान्यता लागते आणि मान्यताप्राप्त शाळांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. महाराष्ट्रात असे प्रशिक्षण बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणच्या धावपट्ट्यांवर चालते. आमची संस्था त्या यादीत नव्हती. त्याबद्दल वडिलांनी विचारले तेव्हा ‘आमचा परराज्यातल्या शाळेशी करार आहे, यादीत त्यांचे नाव आहे’ असे उत्तर मिळाले आणि त्या शाळेचे खरेखुरे मान्यतापत्र आमच्यासमोर ठेवले गेले. कागद खरा होता, पण तो दुसऱ्याचा होता. या दोघांमधला करार मात्र आम्हाला कधीच दाखवला गेला नाही.

सर्वांत सफाईदार फसवणूक तासांच्या हिशेबात होती. परवान्यासाठी २०० तासांचा उड्डाण अनुभव लागतो हे बहुतेकांना माहीत असते; त्या २०० तासांच्या पोटात काय असावे लागते, हे फार थोड्यांना माहीत असते. त्यांपैकी १०० तास वैमानिकाने स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून उडवलेले असावे लागतात, त्यात २० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दूरच्या दुसऱ्या ठिकाणी जाणाऱ्या, उड्डाणाचे हवेत, आणि त्यांतले एक उड्डाण किमान ३०० सागरी मैलांचे, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून केलेले असावे लागते. याशिवाय रात्रीची उड्डाणे आणि केवळ उपकरणांच्या आधारे केलेले उड्डाण यांचे वेगळे तास आहेत. आमच्या करारात ठळक अक्षरांत ‘२०० तास’ छापले होते, पण जोडपत्रात त्यांची फोड होती: ६० तास सिम्युलेटरचे, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमधले, आणि ४० तास ‘ऑब्झर्वर’ म्हणून, म्हणजे दुसरा विद्यार्थी उडवत असताना मागच्या सीटवर बसून. सिम्युलेटरचे मोजकेच तास हिशेबात धरले जातात आणि मागच्या सीटवरचा वेळ तर धरलाच जात नाही. म्हणजे संस्थेने करार शब्दशः पाळला असता, तरीही मी परवान्याला पात्र ठरले नसते. म्हणून ज्या संस्थेकडे जाल तिच्याकडून सोलो (एकट्याने), ड्युअल (प्रशिक्षकासोबत), क्रॉस-कंट्री, नाइट आणि इन्स्ट्रुमेंट अशा प्रत्येक प्रकाराचे तास आणि विमानाचा प्रकार लेखी मागा.

पैसे भरल्यावर काही दिवसांनी मला माझे छायाचित्र लावलेले, ‘स्टुडंट पायलट’ असे लिहिलेले एक लॅमिनेटेड ओळखपत्र मिळाले, आणि घरी त्याचे मोठे कौतुक झाले. खरा स्टुडंट पायलट परवाना वैद्यकीय तपासणी आणि तोंडी परीक्षेनंतर मान्यताप्राप्त फ्लाइंग स्कूलमध्येच दिला जातो, बेलापूरच्या कार्यालयातून नव्हे. त्यानंतर कारणे सुरू झाली: पावसाळा आहे, विमान शंभर तासांच्या तपासणीला गेले आहे, इन्स्ट्रक्टर बदलला आहे. यांतले प्रत्येक कारण खऱ्या प्रशिक्षणातही घडणारे आहे, आणि म्हणूनच ते ऐकणाऱ्याला लगेच पटते.

अखेर वडिलांनी त्या परराज्यातल्या शाळेला थेट ईमेल पाठवून माझ्या नावाने जागा राखून ठेवली आहे का, असे विचारले. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले, की माझ्या नावाने कोणतीही नोंद नाही आणि पैसेही जमा झालेले नाहीत. तेव्हा पावत्या पुन्हा वाचल्या. त्या संस्थेच्या नावाच्या नव्हत्याच. वेगळ्याच एका फर्मच्या होत्या आणि त्यांवर ‘सल्ला शुल्क, परतावा नाही’ असे छापलेले होते. बँकेने शैक्षणिक कर्जासाठी शाळेचे प्रवेशपत्र मागितले असता संस्थेने आम्हाला घरतारण कर्जाकडे का वळवले, याचाही उलगडा त्या दिवशी झाला: मान्यताप्राप्त शाळेचे प्रवेशपत्र त्यांना देताच आले नसते.

आम्ही पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार दिली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगातही दाद मागितली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे पावतीवर दिल्लीचे न्यायक्षेत्र छापलेले असले तरी ठाण्याच्या माणसाने ठाण्यात तक्रार करायला कचरू नये. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी जिल्हा आयोगाकडे जातात आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. संस्थेचे लोक ‘पुढच्या बॅचला नक्की’ असे म्हणत वेळ काढतात, तेव्हा तुमची हीच मुदत सरत असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे केलेल्या नोंदीचा क्रमांक लिहून ठेवा.

ज्यांनी अशाच पद्धतीने पैसे भरले आहेत त्यांनी मूळ पावत्या, कराराचे जोडपत्र, बँकेचे खातेउतारे आणि व्हॉट्सअॅपवरील संभाषण आताच जपून ठेवावे, फोनवरची आश्वासने त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवावीत, आणि ज्या शाळेचे नाव तुम्हाला सांगितले गेले आहे तिला आजच विचारावे, की तुमच्या नावाने तिच्याकडे किती रक्कम जमा आहे.