मॅडिसन स्क्वेअर गार्डन : एका हंगामात अकरा वेळा

गेल्या ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत मी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अकरा वेळा जाऊन आले. नावात गार्डन असलं तरी ही बाग नाही, खेळांचं आणि कार्यक्रमांचं बंदिस्त सभागृह आहे. पाच वेळा बास्केटबॉल, चार वेळा आइस हॉकी, दोन वेळा गाण्याचा कार्यक्रम. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. लेक शाळेच्या बास्केटबॉल संघात आहे, तिच्या हट्टाने हे सुरू झालं. पण तिथे बसायचं कुठे हे मला खरं कळलं ते मार्चमध्ये, आबा कोल्हापूरहून आल्यावर.

आबांचा सगळा जन्म खासबागेत कुस्त्या बघण्यात गेला. आत शिरल्यावर त्यांनी मैदानाकडे पाहिलंच नाही, आधी मागे वळून वर पाहिलं. "त्या शेवटच्या गड्याला दिसतंय का, ते बघ आधी. त्याला दिसलं तर मैदान चांगलं." खासबाग शाहू महाराजांनी बांधलं ते असंच. मध्ये खोलात हौदा, भोवती चढत गेलेल्या पायऱ्या, कुठेही बसा, लाल माती दिसणार. महाराज 1902 साली युरोपला गेले तेव्हा रोमचं प्राचीन मैदान पाहून आले होते, त्यावरून त्यांनी हे मनावर घेतलं. तेव्हापासून मीही गार्डन त्याच मापाने बघते आहे, आणि पुढचं सगळं त्याच मापाने लिहिते आहे.

आधी जागेबद्दल. नाव मॅडिसन स्क्वेअर असलं तरी ही इमारत त्या चौकात नाही. पहिली दोन गार्डन तिथे होती, 1879 आणि 1890 सालची. तिसरं 1925 साली आठव्या ॲव्हेन्यूवर उभं राहिलं. ते बांधलं मुख्यतः बॉक्सिंगसाठी, 249 दिवसांत, पण बऱ्याच जागांवरून नीट दिसत नाही अशीच त्याची ख्याती झाली. आत्ताचं चौथं, 1968 सालचं, पेन स्टेशन या रेल्वे स्थानकाच्या डोक्यावर. इथे छत पोलादी तारांवर टांगलेलं आहे, त्यामुळे एवढ्या मोठ्या गोल सभागृहात नजरेआड येणारा एकही खांब नाही. आबांनी खांब शोधले आणि नाही म्हटल्यावर पाच मिनिटं मान वर करून छतच बघत बसले.

या इमारतीसाठी जुनं पेन स्टेशन पाडलं, त्याचं मला फार वाईट वाटतं. 1910 सालचं ते दगडी स्थानक 1963 पासून पाडायला घेतलं. त्या हळहळीतूनच 1965 साली शहराचा वारसा वास्तू वाचवणारा कायदा झाला. आज खाली ठेंगण्या छताखाली लोकांची रेटारेटी आणि वर पाच मजल्यांवर मैदान, अशी मांडणी आहे. हो, खेळाचं मैदान रस्त्यापासून पाच मजले वर आहे. खाली गाड्या धावताहेत आणि त्यांच्या डोक्यावर बर्फ पसरलेला आहे, ही गोष्ट मी अकराव्या वेळीसुद्धा लेकीला सांगितली.

त्या बर्फाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण मला तिथली सर्वात आवडलेली गोष्ट तीच. निक्स संघाचा बास्केटबॉल आणि रेंजर्स संघाची हॉकी, दोन्ही एकाच मैदानावर. हंगामभर बर्फ तसाच असतो, जाडी इंच-सव्वा इंच, खालून नळ्यांतून थंड द्रव फिरत राहतो. बास्केटबॉल असला की बर्फावर थंडी अडवणाऱ्या फळ्या घालतात आणि त्यावर लाकडी मैदान तुकड्या-तुकड्यांनी जोडतात. कधी कधी दुपारी एक खेळ आणि रात्री दुसरा, मधल्या काही तासांत सगळं बदलून तयार. खालच्या रांगांत बसणार असाल तर एक जादा स्वेटर न्या.

आता मापं बघा. हॉकीचं मैदान 200 फूट लांब, 85 फूट रुंद. बास्केटबॉलचं 94 बाय 50. म्हणजे बास्केटबॉलला पुढच्या रांगा पुष्कळ आत सरकतात. म्हणून त्या दिवशी 19,812 माणसं मावतात आणि हॉकीला 18,006. यावरूनच कुठे बसायचं ते ठरतं.

बास्केटबॉलला 100च्या, म्हणजे खालच्या सेक्शनमध्ये, लांबीच्या बाजूला, मधल्या रांगांत बसा. पैसे जास्त जातात, पण खेळाडूंचे बूट लाकडावर करकरतात ते ऐकू येतं, प्रशिक्षक कुणावर ओरडतोय तेही कळतं. लेक तिथे बसून खेळाडूंच्या पायांकडेच बघत असते. पास यायच्या आधी पाय कुठे असतात ते तिने तिथून उचललं, आणि तिच्या शाळेच्या मॅचमध्ये ते मला दिसलं.

हॉकीला बरोबर उलटं. काचेला चिकटून बसण्याची हौस आम्ही नोव्हेंबरात एकदा करून घेतली. माणसं काचेवर धडकतात तेव्हा अंगावर काटा येतो, पण खेळ कळत नाही. हॉकीची रबरी चकती तीन इंचांची, पलीकडच्या टोकाला गेली की माणसांच्या गर्दीत दिसेनाशी होते. दुसऱ्या वेळी 200च्या सेक्शनमध्ये, वर बसलो आणि सगळा खेळ पट मांडल्यासारखा उलगडला. कोण कुठली जागा मोकळी सोडतोय, कोण ती भरायला धावतोय, सगळं. आबांना हॉकीचा एकही नियम माहीत नव्हता. दुसरा पिरियड, म्हणजे खेळाचा दुसरा भाग, संपेस्तोवर ते मला सांगत होते की निळ्या डगल्यातला एक गडी डाव टाकायला घाई करतोय.

एक लक्षात ठेवा. 2011 ते 2013 या काळात गार्डनची मोठी डागडुजी झाली, तेव्हा छताला दोन पूल टांगले, मैदानाच्या दोन्ही लांब बाजूंना. त्यांवरही खुर्च्या आहेत, नजर जवळजवळ सरळ खाली पडते. पण पुलाखाली येणाऱ्या 200च्या मागच्या रांगांतून मधला मोठा धावफलक झाकला जातो. खेळ पूर्ण दिसतो, फलक नाही. वर बसायचं तर 200च्या पुढच्या रांगा घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

गाण्याच्या कार्यक्रमाला मैदानावरच्या खुर्च्या सर्वात महाग, आणि माझं स्पष्ट मत आहे की माझ्या उंचीच्या माणसाने त्या घेऊ नयेत. जमीन सपाट. पहिलं गाणं सुरू झालं की पुढचे सगळे उभे राहतात आणि आपण पाठी बघत बसतो. मी पाच फूट एक इंच आहे. डिसेंबरातल्या कार्यक्रमात दोन तासांत मला गायिका मिळून दहा मिनिटं दिसली असेल. फेब्रुवारीत बाजूच्या 100मध्ये, मंचाच्या तिरक्या रेषेत बसले. निम्म्या पैशांत वादकांची बोटंसुद्धा दिसली. आबांचं माप मला आधी ठाऊक असतं तर डिसेंबरचे पैसे वाचले असते.

तिथे गाणं ऐकताना मला दर वेळी 1 ऑगस्ट 1971 आठवतो. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी रविशंकर आणि बीटल्समधले जॉर्ज हॅरिसन यांनी याच सभागृहात एका दिवसात दोन कार्यक्रम केले. सतारीवर रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखाँ. वाद्यं नुसती जुळवून होताच लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा रविशंकर म्हणाले, जुळवणंच एवढं आवडलं असेल तर वादन आणखी आवडेल. आबांची आठवण त्याच वर्षाची, पण मार्चची. अली आणि फ्रेझर या बॉक्सरांची पंधरा फेऱ्यांची लढत इथेच झाली आणि फ्रेझर जिंकला, हे त्यांनी तालमीत वर्तमानपत्रात वाचलं होतं. छत, बर्फ, गर्दी सगळं बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ते रिंगण नेमकं कुठं होतं?" मी मधोमध बोट दाखवलं.

तिकिटांबद्दल एकच सांगते. पुनर्विक्रीच्या एका संकेतस्थळावरून मी जानेवारीत तिकीट घेतलं, मंचाच्या मागची जागा निघाली आणि तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. पैसे परत मिळाले नाहीत. म्हणून सेक्शन नंबर आधी नकाशावर शोधा, मंच कुठल्या टोकाला आहे ते बघा, मगच पैसे भरा. आठवड्याच्या मधल्या दिवशीची हॉकी शनिवारच्या बास्केटबॉलपेक्षा खूप स्वस्त मिळते. घरात कुणी पहिल्यांदाच जाणार असेल तर तीच घ्या.

येण्याजाण्याला याहून सोयीचं मैदान मी पाहिलेलं नाही. एडिसनला रेल्वेत बसायचं, पेन स्टेशनला उतरायचं, जिने चढायचे. स्वतःची मोटार घेऊन जाऊच नका. परतताना मात्र हजारो माणसं एकदम खाली उतरतात, आणि फलाटाचा नंबर गाडी सुटायच्या थोडाच वेळ आधी लागतो, तेव्हा धावाधाव होते. आबांना गुडघ्यांचा त्रास, म्हणून आम्ही खेळ संपल्यावर पंधरा मिनिटं जागेवरच बसून राहायचो. मग आठव्या ॲव्हेन्यूपलीकडच्या मॉयनिहन हॉलमध्ये, म्हणजे स्टेशनच्याच नव्या भागात जायचो. 2021 च्या 1 जानेवारीला तो उघडला, उंच काचेचं छत आहे, तिथे मोकळं वाटतं. गार्डनमध्ये वर जायला सरकते जिने आहेत, पण आपल्या रांगेपर्यंतच्या पायऱ्या चढाव्याच लागतात आणि 200मध्ये त्या उभ्या चढाच्या आहेत. वयस्कर माणूस बरोबर असेल तर रांगेचा नंबर बघून तिकीट घ्या.

आबांच्या शेवटच्या मॅचला, एप्रिलमध्ये, ते मध्यंतरात उठले आणि कठड्याला धरत एकटेच वरपर्यंत गेले. मी खालून बघत होते. अगदी शेवटच्या रांगेत एका रिकाम्या खुर्चीत ते खेळ सुरू झाल्यावरही बराच वेळ बसले. खाली आल्यावर दम खाऊन म्हणाले, "दिसतंय. पाटी दिसत न्हाई, पण खेळ दिसतोय."

पुढच्या हंगामात लेकीला पुलावर बसायचं आहे. तिथे बसून आले की यात भर घालते.