टो हिच लावून मिळालेली पिकअप

ट्रेलर ओढायला पिकअप शोधणारा माणूस जुन्या गाड्यांच्या दलालाला लांबूनच ओळखू येतो. बाकीचे गिऱ्हाईक बॉनेट उघडायला सांगतात, हा आधी मागे जाऊन टो हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायचा हुक, बघायला वाकतो. मीही तसाच वाकलो असणार, कारण त्यानंतर मला जे जे सांगण्यात आलं ते नेमकं मला ऐकायचं होतं तेच होतं. ११ लाख ४० हजारांना एक 'टोटल लॉस' झालेली, म्हणजे अपघातानंतर विमा कंपनीने मोडीत धरलेली गाडी माझ्या गळ्यात मारली गेली आणि तिच्या फायलीत खोटा कागद एकही नव्हता. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

गरज काय होती ते आधी सांगतो. मेव्हण्याची आणि माझी मिळून एक फायबरची बोट आहे, उरणजवळ करंजाला. बोट, आउटबोर्ड इंजिन आणि ट्रेलर धरून वजन दीड टनाच्या आसपास. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे मे संपता संपता सगळ्यांच्याच होड्या वर यायला लागतात आणि भाड्याचा ट्रॅक्टर मिळवण्यासाठी लोकांच्या पाया पडावं लागतं. आमच्यासारख्या हौशी लोकांचा नंबर शेवटी, आणि ते बरोबरच आहे. मच्छीमारांचं पोट त्यावर आहे. तेव्हा स्वतःची ओढणारी गाडी घ्यायची, बोट पनवेलजवळच्या शेडमध्ये नेऊन ठेवायची आणि ऑगस्टनंतर परत आणायची, असा बेत ठरला.

नवी हायलक्स तेव्हा तीस लाखांच्या वर होती, म्हणजे प्रश्नच मिटला. बोलेरो कॅम्पर बघितल्या, पण बहुतेक पिवळ्या पाटीच्या. "व्हाइट करून देतो, दोन दिवसांचं काम" असं जो म्हणतो त्याच्याकडून चहासुद्धा पिऊ नये. मालवाहू गाडी खासगी करणं हा आरटीओचा रीतसर व्यवहार आहे. त्यात कर आणि तपासणी येते, आणि गाडीचा प्रकार मुळात खासगी नोंदणीला चालतो का हा प्रश्न त्याच्याही आधी. उरली इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस. ही २०१६ मध्ये आपल्याकडे आली. डबल केबिन, पांढरी पाटी, सुरुवातीच्या गाड्यांत अडीच लिटरचं डिझेल इंजिन, ३२० न्यूटन-मीटर टॉर्क आणि फोर बाय फोर. शेवाळलेल्या रॅम्पवरून बोट वर काढायला फोर बाय फोरच्या लो गिअरसारखी दुसरी सोय नाही.

लिंक रोडच्या आतल्या बाजूला एका गल्लीत अशी गाडी सापडली. २०१७ ची, सिंगल ओनर, ६१ हजार किलोमीटर, डॉक्टरांची. मुंबईत विकायला येणारी प्रत्येक गाडी डॉक्टरांचीच का असते हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. मागे जाडजूड टो हिच, ट्रेलर ज्यावर बसतो तो पन्नास मिलीमीटरचा बॉल, ट्रेलरच्या दिव्यांसाठी सात पिनांचं सॉकेट, सगळं तयार. दलाल वयाने माझ्याएवढा, मराठी, बोलायला गोड. "साहेब, डॉक्टरांना जेट-स्कीचा नाद होता, म्हणून हे सगळं बसवून घेतलंय. बाहेर करायला गेलात तर साठ-सत्तर हजार सहज जातील." मग त्याने मोबाईलवर माहितीपत्रक दाखवलं: ओढण्याची क्षमता साडेतीन टन. आकडा खराच होता, पण तो ऑस्ट्रेलियातल्या, तीन लिटर इंजिनाच्या आणि ब्रेक असलेला ट्रेलर जोडलेल्या गाडीचा. नाव तेच असलं तरी इंजिन वेगळं. आपल्याकडच्या गाडीला तो आकडा लावणं म्हणजे शेजाऱ्याच्या पगारावर कर्ज काढण्यासारखं आहे. ट्रेलर ओढायला गाडी घेताना परदेशी माहितीपत्रक कुणी पुढे केलं की इंजिनाचा नंबर आणि लिटर आधी ताडून बघा. आमचं वजन दीड टनच असल्याने त्या आकड्यावर मी अडलो नाही.

गाडी बघायला माझा मेकॅनिक सोबत होता. त्याने इंजिन ऐकलं, धूर बघितला, गिअर आणि फोर बाय फोर लावून बघितलं, सगळं ठीक. मग टॉर्च घेऊन खाली शिरला. चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, मागच्या चाकांपासून थेट शेवटपर्यंत ताजं, जाड, काळं कोटिंग होतं. मी विचारलं तर दलालाचं उत्तर तयार: "तुम्ही खाऱ्या पाण्यात नेणार म्हणालात ना फोनवर? म्हणून अँटी-रस्ट मारून घेतलं. आमच्याकडून, फ्री." माझीच गरज त्याने मला उत्तर म्हणून परत दिली. चालवून बघितली, सरळ जात होती. रिकामी पिकअप सरळच जाते.

कागद असे होते. आरसी खरी, एम-परिवहन या सरकारी ॲपवर मालक क्रमांक एक, कर्जाचा बोजा नाही, चलन नाही, काळ्या यादीत नाही. चासी नंबर जागेवर आणि जुळणारा. विमा चालू, पण फक्त थर्ड पार्टी. "गाडी उभी होती, म्हणून स्वस्तातला काढला." काही पैसे रोख मागितले ते मी दिले नाहीत (दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, हे त्यालाही माहीत होतं), सगळे आरटीजीएसने दिले. खातं कुठल्याशा ट्रेडिंग फर्मचं होतं, दुकानाच्या पाटीवरचं नाव वेगळं. बिलाऐवजी 'डिलिव्हरी नोट' मिळाली आणि तिच्यात बारीक अक्षरात एक ओळ होती: गाडी आहे त्या स्थितीत बघून घेतली, आम्ही केवळ मध्यस्थ.

करंजाच्या रॅम्पवर पहिल्यांदा बोट लावली. भरती बऱ्यापैकी होती, ट्रेलर निम्मा पाण्यात. लो गिअर टाकून हळूहळू वर घेत होतो, तेवढ्यात मेव्हणा मागून ओरडला, "दाजी, थांबा! हुक खाली चाललाय!" उतरून बघितलं तर बॉल चांगला दोन-तीन बोटं खाली झुकलेला आणि हिचची प्लेट जिथे चासीला लागते तिथे त्या काळ्या कोटिंगला उभी, सरळ भेग पडलेली. गंजाची किंवा ओरखड्याची रेघ अशी कधी नसते. ही पट्टीने आखल्यासारखी होती. चाकांना दगड लावले, बोट ट्रॅक्टरने काढली. ट्रॅक्टरवाला गाडीखाली एक नजर टाकून म्हणाला, "दादा, जोडलेली हाय."

तिथून गाडी रिकामी, सावकाश कळंबोलीला नेली. तिथे ट्रकच्या चासीचं काम करणारे मिस्त्री आहेत. त्यांना इंजिनाशी देणंघेणं नसतं, लोखंड वाचता येतं. मिस्त्रीने आधी काही न बोलता चॅनलवर, म्हणजे चासीच्या लांब तुळईवर, हातोडीने टकटक करत पुढून मागे यायला सुरुवात केली. टण, टण, टण, आणि मग एका जागी ठप्प. तिथे लोहचुंबक लावलं तर ते घसरून खाली पडलं. स्क्रू ड्रायव्हरने कोटिंग खरवडलं तेव्हा खाली पुट्टी, पुट्टीखाली ग्राइंडरने घासून सपाट केलेलं वेल्डिंग. दोन्ही बाजूंचे चॅनल मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) पुढे कापून दुसऱ्या गाडीच्या चासीचं शेपूट जोडलेलं होतं. आणि हिचच्या दोन लांब प्लेटा? त्या बरोबर त्या सांध्यावरून पुढे नेऊन बोल्ट केलेल्या. म्हणजे जेट-स्की, डॉक्टर, नाद हे सगळं झूट. हिच ओढण्यासाठी बसवलीच नव्हती. ती सांध्यावरचं ठिगळ होती, आणि वर मला ती सत्तर हजारांची भेट म्हणून विकली गेली.

हे इतकं घातक का, ते ओढणाऱ्यांना सांगायला नको, पण नवख्यांसाठी सांगतो. पिकअपची सगळी ताकद त्या चासीत असते, बॉडी नुसती वर बसलेली. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा बॉलवर खाली दाबतो, आमच्या बाबतीत दीडशे किलो, तोही मागच्या अ‍ॅक्सलच्या बराच मागे. ब्रेक मारला की अख्खा ट्रेलर त्याच टोकाला ढकलतो, चढावर त्याच टोकाला खेचतो. रिकाम्या गाडीत असा सांधा वर्षानुवर्षं गप्प बसेल. पनवेलच्या उड्डाणपुलावर तो सुटला असता तर बोट कुणाच्या अंगावर गेली असती याचा विचार मी करत नाही.

जुन्या आरसीवर पुण्याचा पत्ता होता, तिथून पहिले मालक सापडले. डॉक्टर नाहीत, बांधकामाचं साहित्य पुरवतात. बोरघाटात मागून ट्रक आदळला होता. दुरुस्तीचा अंदाज आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते, तसंच झालं. त्यांना रक्कम मिळाली, गाडी लिलावात गेली. घेणाऱ्याने त्यांच्याकडून मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेतल्या. "नंतर ट्रान्सफरच्या ओटीपीसाठी फोन आला तेव्हा मला वाटलं, सुटलो एकदाचा," असं ते म्हणाले. मधल्या काळात गाडी कितीही हातांतून फिरली असेल, आरसीवर नाव त्यांचंच. म्हणून ॲपवर 'पहिला मालक'. ॲप खोटं बोललं नाही, फक्त त्याला विचारलं तेवढंच सांगितलं. टोटल लॉस गाडी दुरुस्त करून विकणं हा काही गुन्हा नाही, नीट दुरुस्त करून, सांगून, त्या भावात विकणारेही असतात. मला चीड आहे ती लपवण्याची.

सर्व्हिस सेंटरमधून नोंदी काढल्या तेव्हा शेवटची नोंद सर्व्हिसची नव्हतीच, अपघाताच्या एस्टिमेटची होती, तीही ८८ हजार किलोमीटरवर. मीटरमधले २७ हजार कुठे गेले हे विचारायचं कारण नाही, डिजिटल मीटर मागे नेणं आता लॅपटॉपचं काम आहे. थर्ड पार्टी विम्याचंही कोडं इथेच सुटलं. खंड पडलेल्या गाडीचा फुल विमा काढायचा तर कंपनी आधी गाडी तपासते, फोटो घेते. थर्ड पार्टीला ते लागत नाही, आणि त्यावर नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलच्या सवलतीचा, रकानाही नसतो. एरवी चार-पाच वर्षं जुन्या गाडीच्या पॉलिसीवर बोनस शून्य दिसला तर कुठेतरी क्लेम झाला किंवा खंड पडला हे लगेच कळतं. तेव्हा टोकन देण्याआधी विकणाऱ्याकडून फुल विम्याची शेवटची पॉलिसी आणि सर्व्हिसच्या नोंदी मागा, आणि आरसीवरच्या माणसाशी स्वतः बोला. दलालाने जोडून दिलेल्या फोनवर नाही. चासी बघायला इंजिनवाला नेऊ नका, चासीवाला न्या, आणि मागच्या भागावर ताजं कोटिंग असेल तर ते दोन-चार ठिकाणी खरवडू देणार का असं विचारा. विकणाऱ्याचा चेहराच बरंच काही सांगेल.

आणखी एक गोष्ट, जी दलालांनाही नकोशी वाटते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, फॉर्म २९ बी. गाडी मालकाकडून ताब्यात घेतली की फॉर्म २९ सी भरून कळवायचं, म्हणजे ती गाडी त्याच्या जबाबदारीवर येते आणि कोऱ्या सह्यांवर फिरत नाही. आमच्या या गृहस्थांना मी नंतर २९ बी मागितला तर म्हणाले, "साहेब, आम्ही डीलर कुठे, आम्ही तर मध्यस्थ." पाटीवर दोन फुटी अक्षरांत 'कार्स' लिहिलेलं, आणि हे मध्यस्थ!

पोलिसांत अर्ज दिला, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, फसवणुकीचं. "व्यवहार दिवाणी स्वरूपाचा" असं तोंडी ऐकून घेतलं, पण लेखी पोच घेतल्याशिवाय उठलो नाही. खरी लढाई जिल्हा ग्राहक आयोगात आहे. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, आपण राहतो तिथल्या आयोगात करता येते, आणि दहा ते वीस लाखांच्या व्यवहाराला शुल्क फक्त ४०० रुपये. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल केली. सोबत मिस्त्रीचा सहीशिक्क्याचा अहवाल, खरवडण्याआधीचे आणि नंतरचे फोटो, सर्व्हिसच्या नोंदी, पहिल्या मालकांचं शपथपत्र आणि दलालाचे व्हॉट्सॲप मेसेज जोडले. त्यातला एक मेसेज फार कामाचा आहे: 'नॉन-अ‍ॅक्सिडेंटल, १०० टक्के गॅरंटी'. पैसे ट्रेडिंग फर्मच्या खात्यात गेले म्हणून ती फर्मही प्रतिवादी केली आहे.

नोटीस पोचली त्या संध्याकाळी दलालाचा फोन आला. आवाज तोच, गोड. "साहेब, कोर्टकचेरी कशाला? गाडी परत आणून लावा आपल्याकडे. दुसरं गिऱ्हाईक बघून देतो, कमिशनपण सोडतो." कॉल रेकॉर्ड झाला आहे, वकिलांकडे दिला. गाडी शेडमध्ये उभी आहे आणि बोट ट्रॅक्टरनेच वर आली.