नासा-टीएलएक्स : क्रेन ऑपरेटरवरचा लोड मोजायला एक नंबर फॉर्म

चाकणला एका प्रेस शॉपमध्ये सेफ्टी बघतो. निअर मिसच्या (थोडक्यात टळलेल्या अपघाताच्या) रिपोर्टात "ऑपरेटरचं दुर्लक्ष" एवढं लिहून फाईल बंद करतात ते मला कधीच पटलं नाही, अरे दुर्लक्ष झालं तर का झालं ते कोण विचारणार? त्यासाठी नासा-टीएलएक्स (टास्क लोड इंडेक्स) हा कामाचा ताण मोजायचा फॉर्म वापरायला घेतला आणि खरंच सांगतो, सगळ्या सेफ्टीवाल्यांनी वापरून बघावा.

सँड्रा हार्ट आणि लोवेल स्टेव्हलँड यांनी नासाच्या एम्स रिसर्च सेंटरला हा तयार केला, १९८८ ला त्यांचा पेपर आला. फुकट आहे, कागदावर प्रिंट काढा की झालं. काम संपल्या संपल्या ६ गोष्टी विचारायच्या : डोक्याला ताण किती, अंगमेहनत किती, घाई किती, काम कितपत जमलं, डोकं आणि अंग मिळून जोर किती लावावा लागला आणि चिडचिड किती झाली. प्रत्येक ओळीवर २० खाने, खूण करायची, ० ते १०० स्कोअर निघतो. मूळ पद्धतीत नंतर या ६ गोष्टींच्या १५ जोड्या लावून कोणती गोष्ट जास्त महत्त्वाची ते पण विचारतात, पण शिफ्ट सुटताना तेवढा वेळ कोणाला असतो, आम्ही सरळ सरासरी काढतो, ती पद्धत पण चालते.

खरी मजा एकूण स्कोअरमध्ये नाहीये, सहा ओळी वेगवेगळ्या बघण्यात आहे. आमच्याकडे डाय चेंजच्या (प्रेसचा जड साचा बदलायच्या) वेळी क्रेनवाल्यांचे फॉर्म भरून घेतले तर सगळ्यात वर आले घाई आणि चिडचिड. मग जाऊन उभा राहिलो तर वर डाय टांगलेली, खालून दोघं जण दोन वेगळे इशारे करतायत आणि लाईन थांबलीये म्हणून सुपरवायझर तिसरीकडून ओरडतोय. आता इशारा करणारा एकच माणूस, त्याला नारिंगी जॅकेट, बाकी कोणी हात हलवायचा नाही. नंतरच्या फॉर्मात चिडचिडीची खूण चांगलीच खाली आली. हे ट्रेनिंगचं पीपीटी दाखवून झालं नसतं.

एक खोट मात्र आहे, आणि ती मोठी आहे. "काम कितपत जमलं" ही ओळ उलटी चालते, डावीकडे उत्तम आणि उजवीकडे फेल. चांगलं काम केलेला माणूस हमखास उजवीकडे खूण करतो आणि स्कोअर उगाच वर जातो. त्या ओळीच्या दोन्ही टोकांना मराठीत ठळक लिहा आणि भरताना तोंडी पण सांगा.

फॉर्मवर नाव अजिबात नको, आणि सुपरवायझर शेजारी उभा नको. एकदा का पोरांना वाटलं की हे एचआरकडे जाणार, की सगळ्या खुणा मधोमध येतात.

हार्ट रेटचे पट्टे घ्यायचा विचार आमच्याकडे पण झाला होता. पण क्रेनची शिडी चढली, उकाडा वाढला तरी ठोके वाढतातच, त्यातून कामाचा ताण वेगळा कसा काढणार?

आणि थर्ड शिफ्टला नुसतं पॅनल बघत बसणाऱ्यांचा स्कोअर कमी आला तर खूश होऊ नका. लोड कमी असला तरी पहाटे डोळे मिटतात, आणि झोप हा फॉर्म मोजतच नाही. तिथे झोप किती येतेय ते मोजणारं कॅरोलिन्स्का स्लीपिनेस स्केल जोडीला घ्या, १ ते ९ मधला एकच आकडा सांगायचा असतो, अर्धा मिनिट पण लागत नाही.