छोटा मिग वेल्डर, गंजलेल्या पत्र्यासाठी घेतला
गाडीच्या दाराखालचा पत्रा गंजून हाताने तुटत होता म्हणून हा मिग वेल्डर (वायर आपोआप पुढे सरकवत वितळवून पत्रा जोडणारं मशीन) घेतला, आधी कधीच वेल्डिंग केलं नव्हतं. बॉडीचा पत्रा जेमतेम ०.८ मिमी, त्यामुळे सोबत आलेल्या गॅसलेस (वेगळा गॅस न लागणाऱ्या) वायरने नुसती भोकं पडत होती, मग पोलॅरिटी (प्लस-मायनसची जोडणी) बदलून ०.६ मिमीची साधी वायर आणि आरगॉन-सीओटू गॅस लावला तेव्हा कुठे टाके (वेल्डचे छोटे ठिपके) नीट बसायला लागले. सलग ओढायचं नाही हां, एक टाका इथे एक तिकडे, मधे थंड होऊ द्यायचं, नाहीतर पत्रा वाकतो. मागे तांब्याची पट्टी धरली की भोकं खूप कमी पडतात. गंज मात्र चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापाच. अर्थ क्लॅम्प (करंट परत नेणारा, पत्र्याला लावायचा चिमटा) फारच हलका, बदलावा लागला. बाकी मशीन मस्त, कमी सेटिंगलाही आर्क (वायर आणि पत्र्यामधली विजेची ज्योत) स्थिर राहतो. आणि हो, गाडीच्या बॅटरीची वायर आधी काढा.