माजी खेळाडूंच्या गौरवासाठी सन्मानचिन्हे आणि सन्मानफलक : फोंड्यातील एका दुकानाचा अनुभव

गोव्यातील फोंड्यात ट्रॉफी, ढाली, पदके आणि नामफलक तयार करून देणारे एक जुने दुकान आहे. गेल्या डिसेंबरात झालेल्या गौरव सोहळ्यासाठी आमच्या हायस्कूलच्या माजी विद्यार्थी संघाने त्याच दुकानाकडून दोन कामे करून घेतली. पहिले काम सत्कारमूर्तींना द्यावयाच्या सन्मानचिन्हांचे होते आणि दुसरे शाळेच्या सभागृहाबाहेर कायमचा लावावयाच्या सन्मानफलकाचे. दुकानाचे नाव मालकीणबाईंच्या विनंतीवरून येथे देत नाही, कारण स्नेहसंमेलनांच्या हंगामात हाताशी असलेलेच काम त्यांना आवरत नाही. मात्र अशा दुकानाकडून काय अपेक्षा ठेवावी आणि कोणती गोष्ट आधीच लेखी ठरवून घ्यावी, हे इतर शाळांच्या संघांना उपयोगी पडेल म्हणून एक पूर्ण पावसाळा उलटल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

गौरव दोन गटांत करावयाचा होता. एका गटात शाळेत असताना मैदान गाजवलेले माजी विद्यार्थी होते, तर दुसऱ्या गटात विद्यार्थी मंडळाचे सरचिटणीस, गटनायक आणि वर्गप्रतिनिधी म्हणून लक्षात राहिलेले. अमेरिकेतील हायस्कुलांत अशा गौरवाची परंपरा जुनी आहे आणि तेथे बहुतेक ठिकाणी शाळा सोडून काही वर्षे लोटल्याशिवाय कोणाचे नाव विचारात घेतले जात नाही, असे तिकडे स्थायिक झालेल्या आमच्या एका माजी विद्यार्थिनीने कळवले होते. हा नियम समितीला पटला आणि दहा वर्षांची अट ठरली. अटीचा परिणाम असा झाला की निवडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतले निघाले आणि त्यांच्या कामगिरीची कागदपत्रे मिळवणे हेच मोठे काम होऊन बसले.

फुटबॉलपटू ब्रह्मानंद शंखवाळकर यांना १९९७ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, फुटबॉलपटू ब्रुनो कुतिन्हो यांना २००१ साली, बुद्धिबळपटू भक्ती कुलकर्णी यांना २०२२ साली. अशा खेळाडूंची नोंद ठेवणाऱ्या संस्था आहेत. तालुका पातळीवर सलग तीन वर्षे दोनशे मीटर जिंकणाऱ्या मुलीची नोंद मात्र शाळेच्या रजिस्टरापलीकडे कोठेही सापडत नाही. अलीकडच्या विद्यार्थ्यांची प्रमाणपत्रे व्यवस्थित मिळतात, कारण गोवा बोर्डाचे क्रीडागुण मिळवण्यासाठी ती जपून ठेवावीच लागतात. जुन्यांच्या बाबतीत एखाद्या निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षकाची वही, वार्षिक अंकातील एखादा धूसर छायाचित्राचा तुकडा आणि समवयस्कांची आठवण एवढ्यावरच भागवावे लागते. म्हणजे सन्मानचिन्हावर जे कोरले जाईल, तोच पुढे त्या कामगिरीचा एकमेव पुरावा ठरणार असतो. या दुकानाचे मोल मला जाणवले ते नेमके याच ठिकाणी.

आम्ही दिलेली नावांची यादी मालकीणबाईंनी काउंटरच्या काचेवर पसरली, प्रत्येक ओळीखाली पट्टी धरून ती वाचली आणि लाल पेन्सिलीने जवळजवळ प्रत्येक ओळीसमोर एक प्रश्नचिन्ह केले. पहिला प्रश्न स्त्रियांच्या नावांचा होता. आपल्याकडे अनेक घरांत लग्नानंतर मुलीचे आडनावच नव्हे तर पाळण्यातले नावही बदलते, हे गोव्यातल्या वाचकांना सांगायला नको. "सर, धावली ती कोण आणि स्टेजवर येणार ती कोण, हे दोन्ही लिहून द्या. नाहीतर उद्या रजिस्टर उघडणाऱ्याला ही बाई सापडायची नाही," असे त्या म्हणाल्या. त्यांच्या सूचनेप्रमाणे शाळेच्या रजिस्टरातील नाव मोठ्या अक्षरांत आणि आजचे नाव त्याखाली बारीक अक्षरांत घेतले. कुडचड्याहून आलेल्या एका जुन्या धावपटूची नात सोहळ्यात चिन्हावरचे मोठे नाव वाचून "ही कोण?" असे विचारत होती. आजीचे माहेरचे नाव तिने त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकले.

पुरुषांच्या नावांतही हाच पेच होता, फक्त वेगळ्या कारणाने. आडनाव बदलून घेणारी कुटुंबे गोव्यात थोडीथोडकी नाहीत आणि त्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदाही आहे. रजिस्टरात एक आडनाव आणि मतदार ओळखपत्रावर दुसरे, अशी माणसे आमच्याही यादीत होती. दुकानाने त्यांच्याकरिताही तीच दोन ओळींची पद्धत वापरली, त्यामुळे सगळी चिन्हे दिसायला एकसारखी झाली आणि कोणाला आपण अपवाद आहोत असे वाटले नाही. कोणाचे आडनाव कधी आणि का बदलले याची चौकशी दुकानात कोणीही केली नाही, हेही मला आवडले.

दुसरा प्रश्न स्पर्धेच्या पातळीचा होता. आमच्या मसुद्यात "राज्यस्तरीय कबड्डी स्पर्धा, १९८२" अशी एक ओळ होती. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला ३० मे १९८७ रोजी. त्यापूर्वी हा गोवा, दमण आणि दीव असा केंद्रशासित प्रदेश होता, त्यामुळे १९८२ साली राज्यस्तरीय स्पर्धा होणे शक्यच नव्हते. ही विसंगती संगणकावर बसणाऱ्या तरुणाच्या लक्षात आली. जुन्या प्रमाणपत्रांचे काम त्याने पूर्वी केलेले असावे. ती ओळ "गोवा, दमण आणि दीव आंतरशालेय कबड्डी स्पर्धा" अशी झाली. शालेय फुटबॉलच्या सुब्रतो चषकाच्या बाबतीतही त्याने तालुका फेरी, पुढची फेरी की दिल्लीची अंतिम स्पर्धा, असे विचारून घेतले. १९६० साली सुरू झालेल्या या स्पर्धेत तालुक्यात खेळलेला संघ आणि दिल्लीला गेलेला संघ यांत मोठा फरक आहे, आणि सन्मानचिन्हावर नुसते "सुब्रतो चषक" असे लिहिले की तो फरक पुसला जातो. पैसे घेऊन अक्षरे कोरून देणाऱ्या दुकानाने एवढी विचारपूस करावी, अशी माझी अपेक्षा नव्हती.

देवनागरी अक्षरांच्या बाबतीत मात्र तितके समाधान नाही. नावे आम्ही युनिकोडमध्ये पाठवली होती, पण दुकानातील आरेखनाची प्रणाली जुन्या फॉन्टवर चालते आणि मजकूर तेथे रूपांतरित होताना जोडाक्षरे तुटतात. पहिल्या नमुन्यात "कबड्डी"तील ड पाय मोडलेल्या अवस्थेत सुटा पडला होता, "उत्कृष्ट"मधील ष्ट विचित्र जोडला गेला होता आणि एका ठिकाणी रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसला होता. व्हॉट्सॲपवर आलेल्या छोट्या चित्रात हे दिसत नाही. प्रत्यक्ष आकाराचा कागदी नमुना मागितला, तेव्हा सगळे उघडे पडले. दुरुस्ती विनातक्रार झाली, तरी मराठीतून एवढे काम घेणाऱ्या दुकानाने हा बंदोबस्त केव्हाच करायला हवा होता.

चिन्हाच्या आकाराबाबत दुकानाचा नाइलाज होता, असे म्हणावे लागेल. ट्रॉफीवर बसवण्याच्या धातूच्या मूर्ती बाहेरून तयार येतात. त्यांत फलंदाज आहे, चेंडू मारणारा फुटबॉलपटू आहे, बॅडमिंटन आणि धावणे आहे. कबड्डी आणि खो-खो नाही. धावणारी आकृती पुरुषाचीच आहे. विद्यार्थी नेत्यांसाठी तर काहीच नाही. माईक किंवा उघडे पुस्तक घ्या, असे सुचवण्यात आले. पण मी समितीच्या अध्यक्षांना म्हटले की बसभाड्यात निम्मी सवलत मिळावी म्हणून सत्तरच्या दशकाच्या अखेरीस गोव्यातले विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते, त्या काळात वर्गावर्गांत फिरलेल्या सरचिटणिसाच्या हातात आपण प्लास्टिकचा माईक देणार आहोत का? शेवटी मूर्ती वगळून सर्वांसाठी एकच साधे चिन्ह ठरले : शिसवी रंगाच्या लाकडी बैठकीवर उभी ॲक्रिलिकची जाड पाटी, वर शाळेचे बोधचिन्ह, खाली नाव आणि कामगिरीच्या दोन ओळी. खेळाडू आणि नेते यांना एकाच आकाराचे चिन्ह मिळाल्याने तुलना आपोआप टळली.

ॲक्रिलिकचे काम उत्तम आहे. लेझरने मजकूर पाटीच्या मागच्या बाजूने उलटा कोरला आहे, त्यामुळे समोरचा पृष्ठभाग गुळगुळीत राहतो, अक्षरांत धूळ बसत नाही आणि ओल्या फडक्याने पुसता येते. कडांना चकाकी आहे. कापताना राहणारे पांढरट चरे दिसत नाहीत. बैठकीच्या तळाला मखमल चिकटवली आहे, ती मात्र काही चिन्हांवर कोपऱ्यात सुटली. खोक्यांची गुणवत्ता सामान्य आहे आणि त्यांच्या आतील साटीन स्वस्त वाटते.

सन्मानफलकाचा विचार अधिक बारकाईने झाला. शाळेचा जुना फलक सागवानी आहे, त्यावर पेंटरने सोनेरी रंगात नावे लिहिली आहेत आणि जागा संपल्यावर ती यादी तेथेच थांबली आहे. समितीतील काहींना नवा फलक एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा हवा होता, कारण तो स्वस्त पडतो आणि छायाचित्रात चांगला दिसतो. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. उघड्या व्हरांड्यात एमडीएफच्या कडा एका पावसाळ्यात फुगतात, असे सांगून दुकानाने स्वतःच्याच महागड्या मालाची नव्हे, तर मधल्या दराच्या ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेलची शिफारस केली. त्यावर प्रत्येक नावासाठी स्वतंत्र पितळी पट्टी स्क्रूने बसवली आहे आणि पुढच्या नावांसाठी जागा मोकळी ठेवली आहे. एखादी पट्टी चुकली तर ती एकटीच बदलता येते, संपूर्ण फलक उतरवावा लागत नाही. पट्ट्यांवरील अक्षरे ॲसिडने खोदून त्यांत काळा रंग भरलेला आहे. हे काम दुकानात होत नाही, बेळगावला पाठवले जाते. खारी हवा आणि दमटपणा यांमुळे पितळ काळवंडते, म्हणून वर पारदर्शक लॅकरचा थर मागून घेतला. तो आपण मागितल्याशिवाय देत नाहीत, हे लक्षात ठेवावे.

एका गोष्टीची उणीव मला जाणवली. डिचोली पितळी समयांसाठी आणि कुंकळ्ळी लाखेच्या रंगीत लाकूडकामासाठी ओळखली जाते. पणजीत हाताने रंगवलेल्या टाइल्स तयार होतात. या दुकानाच्या पुस्तिकेत मात्र यांपैकी कशाचाही मागमूस नाही. जे आहे ते मेरठ, मुरादाबाद किंवा दिल्लीच्या कोणत्याही दुकानात मिळेल. २०२३ साली ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, तेव्हा गवारेड्याचे शुभंकर "मोगा" घराघरांत पोहोचले. स्थानिक वस्तूंना मागणी नाही असे कारण यानंतर तरी पुढे करू नये. कारागिराकडे लाकडी बैठक करून घेतली असती, तर खर्च फारसा वाढला नसता. पण त्यासाठी दुकानाने पुढाकार घ्यायला हवा. सोहळ्याच्या गडबडीत असलेली समिती हे करू शकत नाही.

दराविषयी तक्रार नाही. एका सन्मानचिन्हाला खोक्यासह साधारण नऊशे रुपये पडले. पणजीत यासारख्याच कामाचे दर याहून बरेच चढे सांगण्यात आले होते. निम्मी रक्कम आगाऊ द्यावी लागते, उरलेली माल घेताना. पावती संघाच्या नावाने मिळते आणि हिशेब तपासणीच्या वेळी अडचण येत नाही.

वेळेच्या बाबतीत मात्र दुकान विश्वासार्ह नाही. पितळी पट्ट्या सोहळ्याच्या आदल्या रात्री आल्या आणि फलक सकाळी पाहुणे येण्याच्या जेमतेम आधी भिंतीवर चढला. कारण विचारले असता बेळगावकडे बोट दाखवण्यात आले. बेळगावला काम जाते हे दुकानाला आधीपासून ठाऊक होते, तेव्हा मुदत देतानाच तेवढी सवड धरायला हवी होती. एका पट्टीवर साल चुकले होते. ती नंतर विनामूल्य बदलून मिळाली, पण त्या सत्कारमूर्तींना सोहळ्याच्या दिवशी फलकाजवळ छायाचित्र काढताना ते चुकीचे साल हाताने झाकावे लागले.

पावसाळ्यानंतर फलक पुन्हा पाहिला. पॅनेल सरळ आहे, पितळ अजून चकचकीत आहे आणि अक्षरांतील रंग टिकला आहे. फक्त काही पट्ट्यांच्या स्क्रूंना गंज चढून त्यांचे तांबूस ओघळ खाली उतरले आहेत, कारण सगळे स्क्रू स्टेनलेस स्टीलचे नव्हते. दुकानाने ते बदलून दिले, मात्र माणूस पाठवण्याचा खर्च आमच्याकडून घेतला. पुढील वर्षाच्या नावांच्या पट्ट्या आम्ही याच दुकानाकडे देणार आहोत. या खेपेस मागणीपत्र गणेश चतुर्थीनंतर लगेच जाईल आणि त्यात लॅकर, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, कागदी नमुन्यावर सही झाल्याशिवाय कोरीव काम नाही आणि माल ताब्यात देण्याची तारीख, हे चारही मुद्दे लिहिलेले असतील.